जावेची अळंबी

आमच्या घरात झाडापानांचं जे काही कळतं ते मला कळतं, असं तीस वर्षं ठरलेलं होतं. मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. लिंबाला फळ का धरत नाही, कढीपत्त्यावर पांढरं काय आलंय, तुळस अचानक का सुकली, हे विचारायला ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतली आमची सगळी गल्ली माझ्या दारात यायची. निवृत्त झाल्यावरही यायची. आणि मग माझ्या धाकट्या जावेला एक अळंबी सापडली.

'सापडली' असं लोक म्हणतात. मला तो शब्द अजून रुचत नाही, कारण ती अळंबी मी तिच्या कितीतरी वर्षं आधी पाहिली होती. तिघऱ्याच्या धरणापलीकडे धावडा आणि खैराचं रान आहे, तिथे मी शाळेची सहल घेऊन गेले होते. एका वारुळावर करड्या-पांढऱ्या टोप्या घातलेल्या दहा-पंधरा अळंब्यांची दाटी होती. मुली ओरडल्या, "मॅडम, ये क्या है?" मी म्हटलं, कुत्र्याच्या छत्र्या आहेत, हात लावू नका. एकीनं बुटाच्या टोकानं दोन उडवल्या, तिला मी काही बोलले नाही. पुढे जाऊन धावड्याची पानं फांदीवर कशी मांडलेली असतात ते समजावून सांगितलं. म्हणजे पहिली मीच. फक्त मी वाकले नाही, एवढंच.

जाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान. साधी बी.ए. झालेली. लग्न होऊन आली तेव्हा सदाफुलीला चाफा म्हणायची. खाली आम्ही दोघं राहतो, वर ती. भावजी नोकरीनिमित्त वर्षातले दहा महिने बाहेरगावी. ती हसते पटकन, माणसांत मिसळते पटकन, आणि तिच्या पुरणपोळ्या माझ्यापेक्षा पातळ होतात. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं मी केलं, पण पाणी मागायच्या तिच्या हातचं. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही. इथे लिहिते आहे, कारण पुढचं सगळं समजायला ते लागेल.

झालं असं. भाद्रपदात एका रविवारी आम्ही तिघं, मी, हे आणि जाऊ, एका देवळातून नवस फेडून गाडीनं परत येत होतो. तिघऱ्याच्या त्याच रानाजवळ रस्त्याच्या कडेला एक सहरिया आदिवासी बाई पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसली होती. द्रोणांत बोटाएवढ्या मिटलेल्या कळ्यांसारखं काहीतरी होतं.

"दादा, गाडी रोका ना जरा," जाऊ ह्यांना म्हणाली. "ही बाई काय विकून राहिली आहे, बघू द्या."

आमच्या पूर्वजांना फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की आमच्या मराठीत हिंदी कुठून शिरली ते आम्हालाही कळत नाही. पुण्याचे पाहुणे हसतात. जाऊ तर वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते.

"जे धरती के फूल हैं बाई," ती सहरिया बाई म्हणाली. "बांबी पे निकरत हैं, भादों में।"

बांबी म्हणजे वारूळ. मी गाडीतूनच म्हटलं, "नको गं, विषारी असतील. उगाच पोटं बिघडतील."

"ताई, ही स्वतः खाते तर विषारी कशी असणार?" असं म्हणून जाऊ उतरली, आणि त्या बाईला म्हणाली, "चलो, मुझे दिखाओ कहाँ उगते हैं।"

मी गाडीत एसी लावून बसले. पाऊण तासानं ती आली ती साडीत करवंदीचे काटे, पायांना चिखल आणि मोबाईलमध्ये साठेक फोटो घेऊन. संध्याकाळी तिनं कांदा-लसणावर त्या अळंब्या परतल्या. मी त्यांना शिवले नाही. ह्यांनी दोनदा मागून घेतल्या, तेही माझ्यासमोर.

फोटो तिनं मोबाईलवरच्या अळंबी ओळखणाऱ्या कुठल्याशा गटात टाकले. चार दिवसांनी एका दूरच्या विद्यापीठातल्या अभ्यासकाचा फोन आला. ते म्हणाले, ही जात आपल्या कोरड्या मुलखात फार क्वचित दिसते, रान कमी होतंय, वारुळं फोडली जातात, हिच्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. तुम्ही ठेवाल का? जावेनं स्पीकर लावला होता. मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, ती म्हणेल, माझ्या मोठ्या जाऊबाई शिकवायच्या हे सगळं, त्यांच्याशी बोला. ती म्हणाली, "हो, नक्की."

त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

दर आठवड्याला ती स्कूटरवर रानात जायची. दोनशे पानी वही घेतली. त्यात सात वारुळं, प्रत्येकाला क्रमांक, कुठल्या दिवशी टोप्या आल्या, किती उमलल्या, किती गळल्या, सगळं. सहरिया बाई तिची मैत्रीण झाली. दोघींनी मिळून ठरवलं की मिटलेल्यांतल्या निम्म्याच काढायच्या, उमललेल्यांना हात लावायचा नाही, त्या तिथेच झडू द्यायच्या, आणि वारूळ उकरायचं नाही. बाईच्या आईच्या वेळी असंच करत असत म्हणे, मधल्या काळात लोक विसरले. दुसऱ्या वर्षी अळंब्या पहिल्यापेक्षा जास्त आल्या. जावेनं ती वही मला आणून दाखवली. मी चष्मा पुसत म्हटलं, "अक्षर जरा नीट काढत जा."

एक दिवस ती विचारायला आली, "ताई, वाळवीचं आणि अळंबीचं नेमकं काय असतं?" मला बरं वाटलं. मी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर वारुळाचा उभा छेद काढून दाखवला. वाळवी पानंकाटक्या चावून आत नेते, त्यावर बुरशीची बाग लावते, ती बुरशी खाऊन जगते. पावसात तीच बुरशी मातीतून वर येते, ती अळंबी. वाळवी मेली की बाग मेली. वाळवीचे बोगदे वारुळाच्या बाहेर जमिनीखालून लांबपर्यंत गेलेले असतात, हेही बाण काढून दाखवलं. तिनं ते पाकीट वहीत चिकटवून ठेवलं.

मग वर्तमानपत्रात फोटो आला. मग फूलबागेजवळच्या सभागृहात तिचं भाषण ठेवलं. मी पहिल्या रांगेत. ती माईकवर म्हणाली, "वाळवीच्या घरात रोज स्वयंपाक होतो, आणि पावसात त्या घराच्या छपरावर फुलं येतात. हे मला माझ्या ताईंनी समजावलं." टाळ्या पडल्या. हेच मी तीस वर्षं फळ्यावर खडूनं काढत आले, एकाही मुलीनं टाळी वाजवली नाही. प्रश्नोत्तरांच्या वेळी तिच्या तोंडून 'ही वनस्पती' असं गेलं आणि मी बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हटलं, "बुरशी ही वनस्पती नसते." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ती हसून म्हणाली, "बघा, माझ्या गुरू इथेच बसल्या आहेत, मला काय काळजी." पुन्हा टाळ्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर पडताना आमच्या मराठी मंडळातल्या एक बाई मला म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या मोठ्या जाऊबाई ना? भाग्यवान आहात." भाग्यवान!

हे सगळं मी त्या वेळी घरात कुणालाही कळू दिलं नाही. तिला डबा करून द्यायचे, स्कूटर सावकाश चालव म्हणायचे. चांगुलपणाचं सोंग मला छान जमतं.

तिसऱ्या वर्षी शहरातली झाडं लावणारी एक मंडळी तिच्याकडे आली. अळंबी वाचवायची तर रान दाट व्हायला हवं, आपण तिथे शेकडो रोपं लावू, तुमच्या हस्ते. जाऊ हरखली. तिनं अट घातली की वारुळांजवळ खड्डे खणायचे नाहीत. त्यांनी लगेच मान्य केलं. चुन्यानं प्रत्येक वारुळाभोवती पाच-सहा हातांचं वर्तुळ आखलं, त्याच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही असं सगळ्यांना बजावलं. वारुळाला पांढरं रिंगण आणि रिंगणाबाहेर खड्ड्यांच्या रांगा. दिसायला फार नीटनेटकं दिसत होतं.

आषाढात तो कार्यक्रम झाला. आदल्या संध्याकाळी जाऊ खाली आली. "ताई, उद्या मी पाहुण्यांत अडकेन. तुम्ही तेवढं वारुळांकडे बघाल? तुम्ही असलात की मला टेन्शन नाही."

मी गेले. रस्त्याकडेला मंडप, बॅनरवर तिचा फोटो, कॅमेरे, आणि जाऊ मोरपिशी साडीत. मला आत रानात एक खुर्ची दिली. पाण्याची बाटली दिली. माझं नाव बॅनरवर नव्हतं, ते असायचं काही कारणही नव्हतं, तरी मी ते दोनदा शोधलं.

रोपं लावण्याआधी मजूर खड्ड्यांत काहीतरी ओतत होते. एकानं डब्यातलं औषध बादलीत टाकून पाणी घातलं, पाणी दुधासारखं पांढरं झालं. उग्र वास आला. प्रत्येक खड्ड्यात मगभर. मी उठून डबा हातात घेतला आणि वाचला. वाळवीचं औषध. कोवळ्या रोपांची मुळं वाळवी खाते, म्हणून इकडे झाडं लावताना खड्ड्यांत ते घालतातच. त्या माणसांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटत होतं, चुन्याच्या रेघेबाहेर आहोत म्हणजे झालं.

मला ठाऊक होतं. त्या सगळ्या गर्दीत फक्त मला. सातही वारुळांचे बोगदे त्या खड्ड्यांखालून गेलेले असणार हे मी पाकिटावर बाण काढून सांगितलेलं होतं. तिकडे मंडपात टाळ्या वाजत होत्या, कुणीतरी माईकवर तिला 'ग्वाल्हेरची वनकन्या' म्हणालं. मला फक्त 'थांबा' एवढं म्हणायचं होतं. चार-पाचच खड्डे झाले होते.

मी डबा खाली ठेवला आणि खुर्चीवर येऊन बसले.

तेवढ्यात ती सहरिया बाई शेळ्या मागे सोडून माझ्याजवळ आली. "बहनजी, जे का डार रहे हैं?"

"पेड़ की दवाई है," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मी शिकलेली, मी म्हणते म्हणजे असेल. ती परत शेळ्यांकडे गेली आणि मी शेवटच्या खड्ड्यापर्यंत बसून राहिले. जाताना जाऊ धावत आली. "ताई, सगळं ठीक झालं ना?" मी म्हटलं, "कुणी रेघ ओलांडली नाही."

ते खरंच होतं.

भाद्रपद आला. जाऊ पहिल्या आठवड्यात गेली, हात हलवत आली. "यंदा थोडी देर होईल वाटतं." दुसऱ्या आठवड्यात गेली. गणपती गेले, गौरी गेल्या. तिसऱ्या आठवड्यात ती रोज जायला लागली. पाऊस चांगला होता, रोपं तरारली होती, वारुळं मात्र गप्प. लपवत नाही, पहिल्या दिवशी ती रिकामी आली तेव्हा मला हलकं वाटलं. मी त्या दिवशी शिरा केला. ह्यांनी विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, सहज.

दुसऱ्या दिवसापासून मात्र मला जेवण जाईना. वय झालं, पित्त वाढलं, असं ह्यांना सांगितलं. रानातल्या त्या वारुळावरच्या करड्या टोप्या डोळ्यांसमोर यायच्या, त्यांची दाटी, त्यांवर पडलेलं पावसाचं पाणी. मी त्या पुन्हा बघायला कधी गेलेच नव्हते. एकदाही नाही. दोन वर्षं ती स्कूटरवर मागे बसा म्हणत होती.

सहरिया बाईनं एक दिवस जावेला वारुळाला काठीनं भोक पाडून दाखवलं. जिवंत वारूळ असेल तर वाळवी एका दिवसात भोक बुजवते. तिसऱ्या दिवशीही भोक तसंच होतं. जावेनं फोटो काढून मला आणून दाखवला आणि म्हणाली, "ताई, हे असं का?" मी म्हटलं, "बघावं लागेल."

झाडं लावणाऱ्या मंडळींनी कारण शोधून काढलं. त्यांचे प्रमुख घरी आले, चहा घेतला, आणि म्हणाले, "मैडम, वही औरत तोड़ ले गई होगी। आपने इन लोगों पर ज़्यादा ही भरोसा कर लिया।" रानातल्या चौकीदाराला त्यांनी सांगून टाकलं. त्यानं त्या बाईला रानात यायची बंदी केली. फक्त अळंबीपुरती नव्हे. लाकूडफाटा, करवंदं, चारोळी, सगळ्यालाच.

त्या दुपारी मी मागच्या ओसरीवर मेथी निवडत होते. जाऊ येऊन समोर बसली आणि तीही निवडायला लागली. अर्धी जुडी निवडून झाली. मग म्हणाली, "ताई, ती असं करेल असं वाटत नाही मला. पण सगळे बोलतात. तिच्यावर विश्वास ठेवून माझीच गलती झाली का?"

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. कुणी मला विचारायला येणार नव्हतं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला खरंच माझं मत हवं होतं. शाळेत मुली परीक्षेच्या आधी बघायच्या तसं.

"त्या बाईनं काही केलेलं नाही," मी म्हटलं. "खड्ड्यांत औषध घातलं होतं."

"कसलं औषध?"

"वाळवीचं."

तिचा हात थांबला. काडी तशीच बोटांत राहिली. मला दिसत होतं की तिला ते पाकीट आठवतंय, बाण आठवतायत.

"पण तुम्ही तर तिथेच होता."

"होते."

"डबा दिसला नसेल तुम्हाला." हे तिनं विचारलं नाही, मला सुचवलं. माझ्यासाठी तिनं दार उघडं करून दिलं होतं. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर ती हसली असती, म्हणाली असती, जाऊ द्या ताई, कुणाला काय माहीत.

"दिसला," मी म्हटलं. "हातात घेऊन वाचला."

मी आता 'का' याची वाट बघत होते. उत्तरं तयार होती. चक्कर आली होती, खात्री नव्हती, कार्यक्रमात विघ्न नको वाटलं. तिनं 'का' विचारलंच नाही. मला वाटतं तिला ते आधीपासून ठाऊक असावं, कदाचित त्या सभागृहातल्या दिवसापासून.

"मी तुम्हालाच तिथे बसवलं होतं ना, ताई," एवढं म्हणाली. मग उरलेली मेथी निवडून झाली, देठं गोळा केली, जुडी धुवून चाळणीत निथळत ठेवली आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी ती चौकीदाराकडे गेली, बंदी उठवून घेतली. त्या मंडळींना बोलावून सांगितलं, "औषधामुळे झालं, आणि परवानगी मी दिली होती, चूक माझी आहे." वर्तमानपत्रालाही तेच सांगितलं. माझं नाव कुठेच नाही. माझा गुन्हासुद्धा तिनं स्वतःच्या अंगावर घेतला आणि लोकांनी त्याचंही तिचंच कौतुक केलं. एवढा मोकळेपणा कुणाकडे असतो, असं मंडळातल्या त्याच बाई मला म्हणाल्या. मला मिरच्या झोंबल्या. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीच, पण आधी मिरच्या झोंबल्या.

त्या अभ्यासकांचं म्हणणं असं की सांगता येत नाही. औषधाचा अंमल उतरला की बाजूची वाळवी जुन्या वारुळात शिरूही शकते, किंवा नाहीही. आणखी आत, जिथे खड्डे गेले नाहीत, तिथे कुठे असेल तर शोधा, आणि सापडली तर जागा कुणाला सांगू नका.

हा यंदाचा भाद्रपद. जाऊ आणि ती सहरिया बाई दोघी जातात. कुठे, ते घरात कुणाला माहीत नाही. वही आता खाली येत नाही. मोबाईलवर फोटो नसतात. कुणी विचारलं तर ती सांगते, संपली हो ती, आमच्या चुकीनं संपली.

काल दुपारी ती परत आली तेव्हा मी जिन्याशी उभी होते. साडीत काटे होते. पाय घोट्यापर्यंत लाल चिखलानं भरले होते, आणि तिघऱ्याजवळच्या त्या रानातली माती काळी आहे. तोंडावर तेच तेज होतं, जे पहिल्या दिवशी गाडीत शिरताना होतं.

"मिळाली का गं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. धाकट्या जावेनं मोठीशी बोलावं तशा अदबीनं म्हणाली, "ताई, तुमची गुडघ्याची गोळी झाली का दुपारची?"

"झाली."

"मग पडा जरा," असं म्हणून तिनं नळाखाली पाय धुतले, माती पार वाहून जाईपर्यंत धुतले, आणि वर जाऊन दार लावून घेतलं.